काळी-पिवळी आणि एक विशेषण

वाशिम जिल्ह्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला एक शब्द चुकवता येत नाही. अवैध. अवैध रेती, अवैध दारू, अवैध वृक्षतोड, अवैध गौण खनिज, अवैध सावकारी, अवैध प्रवासी वाहतूक. सगळं एकत्र सांगायचं असेल तर 'अवैध धंद्यांना ऊत'. आमच्याकडे ऊत दोनच गोष्टींना येतो, दुधाला आणि अवैध धंद्यांना.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मी दोन वर्षं पुण्यात राहिले, तेव्हा लक्षात आलं की तिथंही नियम तितकेच मोडतात, पण विशेषणं वेगळी लागतात. इमारतीवर परवानगीशिवाय दोन मजले चढले तर ते 'अनधिकृत'. साहेबांनी भलत्याच माणसाची नेमणूक केली तर ती 'नियमबाह्य'. कोट्यवधींच्या बिलात घोळ निघाला तर ती 'अनियमितता', म्हणजे विशेषणही गेलं आणि एक सभ्य नाम उरलं. अवैध हा शब्द तिथं नसतो असं नाही. पण तो शहराच्या कडेला, नदीपात्राकडे, हातभट्टीकडे जास्त दिसतो. सोसायटीच्या गेटच्या आत सहसा येत नाही.

शब्दकोशात पाहिलं तर हे सगळे जवळजवळ समानार्थी आहेत. वापरात नाहीत. अनधिकृत म्हणजे अधिकार मिळाला नव्हता, आणि मिळाला नव्हता म्हणजे पुढे मिळू शकतो. तसा तो मिळतोही. २०१७ साली राज्य सरकारनं ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची, ठरावीक अटींत बसणारी अनधिकृत बांधकामं शुल्क घेऊन नियमित करण्याचे नियम आणले. त्या नियमांत अशा बांधकामाला नवं विशेषण आहे, 'प्रशमित'. प्रशमित संरचना. प्रशमित म्हणजे शांत केलेलं. ग्रहांची शांत करतात तशी मजल्यांची. मी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं आणि लगेच बाबांची गाडी आठवली. त्या गाडीला कोणी कधी प्रशमित केलं नाही.

बाबा वीस वर्षं काळी-पिवळी चालवत होते. विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: काळी-पिवळी म्हणजे मुंबईची टॅक्सी नाही. ती जीप असते, खाली काळी, वर पिवळी, मागे समोरासमोर दोन बाकडी. आधी महिंद्रा कमांडर होती, नंतर ट्रॅक्स घेतली. शिरपूर ते मालेगाव, शिरपूर ते वाशिम, बाजाराच्या दिवशी रिसोड. हे मालेगाव नाशिककडचं नव्हे, आमचं तालुक्याचं. महाशिवरात्रीला जानगीर महाराजांच्या संस्थानात गर्दी उसळली की दिवसभर फेऱ्या. वाशिम स्टेशनवर उतरलेले जैन यात्रेकरू भेटले की दिवस चांगला.

आणि वर्षातून दोन-तीनदा बातमी: अवैध प्रवासी वाहतुकीवर कारवाई, इतकी वाहनं ताब्यात, इतका दंड. एकदा त्या बातमीत बाबांचं नाव आलं, वयासह, 'रा. शिरपूर' सह. मी तेव्हा नववीत होते. बातमीत चूक काहीच नव्हती. नाव बरोबर, वय बरोबर, गाडीचा नंबर बरोबर. बाबांनी ती दोनदा वाचली आणि वऱ्हाडीत एवढंच म्हणाले, "गाडीचे कागद हायेत, लायसन हाये, इन्शुरन्स हाये, परवाना बी हाये. मंग अवैध कोन हाये, मी का?"

प्रश्न रागात विचारलेला होता, पण नीट पाहिलं तर तो कायद्याचाच प्रश्न होता. उत्तर मला पुष्कळ नंतर, १९८८ चा मोटार वाहन कायदा वाचताना सापडलं. प्रवासी वाहतुकीचे परवाने मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक कंत्राटी: ठरलेले प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे, वाटेत कोणाला चढवायचं-उतरवायचं नाही. दुसरा टप्पा वाहतुकीचा: थांबत थांबत, चढवत-उतरवत जायचं. आपल्याकडे टप्प्याचं काम एसटीचं. बाबांकडे पहिला परवाना होता आणि गावाला दुसरी गाडी हवी होती. फाट्यावर म्हातारी हात दाखवून उभी असेल आणि बाबांनी ब्रेक दाबला, की त्या क्षणी, त्या ब्रेकमुळे, प्रवास अवैध व्हायचा. न थांबता पुढे गेले असते तर कायद्यात बसले असते.

पण मी बाबांची वकिली करायला बसलेली नाही. कायद्यानं जीपटॅक्सीत चालक सोडून जास्तीत जास्त बारा माणसं धरली आहेत. बाबांच्या गाडीत अठरा बसायची. चालकाच्या उजव्या बाजूला एक, मागच्या पायरीवर दोन, लग्नसराईत टपावर किती ते मोजायचं नाही. अशी गाडी उलटते तेव्हा काय होतं ते आमच्या रस्त्यानं पाहिलेलं आहे. मागचा नियम सरकारी मक्तेदारीचा होता असं म्हणता येईल. हा नियम जिवाचा होता. दोन्ही मोडणं बातमीत एकाच शब्दात मावायचं, हीच तर अडचण. म्हातारीसाठी थांबणं अवैध आणि अठरावा माणूस कोंबणंही अवैध. पहिल्याचा दंड भरताना बाबा चिडायचे. दुसऱ्याचा भरताना गप्प बसायचे. त्यांना फरक कळत होता, शब्दाला कळत नव्हता.

हा शब्द आला कुठून? विधी पासून. विधि ला जे अनुसरून आहे ते वैध, नाही ते अवैध. पण विधी म्हणजे काय, असं शिरपुरात विचारलं तर कोणी कायदा म्हणणार नाही. विधी म्हणजे दहाव्याचे विधी, लग्नाचे विधी, पूजेचा विधी. सकाळचे प्रातर्विधी. विधीचा एक अर्थ नशीबही आहे: विधिलिखित. कायदा हा अर्थ सरकारी पाटीवर भेटतो, 'विधि व न्याय विभाग', 'विधिमंडळ'. एकाच शब्दात देवाची पूजा, माणसाचं नशीब आणि राज्याचा कायदा.

ही शब्दांची गंमत वाटेल, पण आमच्या गावात ती शंभरेक वर्षं खरोखर घडलेली आहे. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही पंथांना वंदनीय. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष. पूजा कोणी, कोणत्या विधीनं, किती वाजता करायची यासाठी १९०५ साली दोन्ही बाजूंनी वेळापत्रक ठरवलं. पुढे वाद न्यायालयात गेला आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. वऱ्हाडातल्या एका गावातल्या पूजेचा विधी विलायतेतल्या विधिज्ञांपुढे. त्यानंही मिटलं नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप होतं आणि लोक झरोक्यातून दर्शन घेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि मार्चमध्ये दार उघडलं, बेचाळीस वर्षांनी. माझं बालपण त्या कुलपाच्या गावात गेलं. कोणाची बाजू वैध हे सांगण्याचा मला ना अधिकार ना ज्ञान. मला दिसलं ते इतकंच की दोन्हीकडचे लोक स्वतःच्या पूजेला विधिवत म्हणत होते आणि दोघंही ते मनापासून म्हणत होते.

'कायदा' हा शब्द मात्र बाहेरून आला आणि आमच्या गल्लीत वेगळ्याच रूपात भेटला. माझी एक मैत्रीण शाळेआधी सकाळी मदरशात जायची. तिच्या पिशवीत पातळ पुस्तक असायचं, त्याला ती 'कायदा' म्हणायची. नूरानी कायदा. मला वाटायचं एवढीशी पोरगी वकिलीचं पुस्तक घेऊन फिरते. ती होती अरबी अक्षरांची ओळख, आपली अंकलिपी. अरबीत कायदा म्हणजे मूळ, पाया. पायाभूत अक्षरं म्हणून तो कायदा, राज्याचा पाया म्हणून हा कायदा. अल-कायदा या कुप्रसिद्ध नावातही तोच पाया आहे. आणि 'बेकायदा' म्हणजे शब्दशः बिनापायाचं. त्या अर्थानं गावातल्या कितीतरी गोष्टी बेकायदा नव्हत्या. काळी-पिवळीच्या पायात गरज होती, आणि गरजेइतका पक्का पाया दुसरा नसतो.

ती गरज किती पक्की होती हे सरकारनंच एकदा लेखी कबूल केलं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. गावागावातली लाल गाडी बंद झाली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढली: संप चालू असेपर्यंत खाजगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू वाहनंसुद्धा प्रवासी नेऊ शकतील. मालवाहू वाहनंसुद्धा! ज्या टेम्पोतून माणसं नेल्याबद्दल काल दंड झाला, तोच आज सरकारमान्य.

त्या महिन्यांत शिरपूरच्या रस्त्यावर बाबांना कोणी अडवलं नाही. एरवी एसटी स्टँडपासून दोनशे मीटर लांब उभं राहावं लागे. त्या काळात गाडी स्टँडच्या फाटकासमोर लागायची. तीच जीप, तोच रस्ता, तेच प्रवासी, तीच फाट्यावरची म्हातारी. गेलं होतं ते फक्त विशेषण. बातम्यांत तेव्हा 'खाजगी वाहनांचा आधार' असं यायचं. संप मिटला, लाल गाड्या परत आल्या, आणि पंधरवड्यात 'अवैध प्रवासी वाहतुकीला पुन्हा ऊत' आला. आधार गेला, ऊत आला. बाबा म्हणाले, "बरं झालं, आपलं नाव परत भेटलं आपल्याले."

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की अवैध हा शब्द म्हणजे वरच्यांनी खालच्यांना मारायची काठी आहे. मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं. मग मामाच्या जमिनीचं प्रकरण झालं.

मामानं नापिकीच्या एका वर्षी तालुक्यातल्या एका माणसाकडून व्याजानं पैसे घेतले. त्या माणसाकडे सावकारीचा परवाना नव्हता. तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून घेतलं, पैसे फिटले की पलटवून देतो असं तोंडी बोलणं. पैसे फिटले, जमीन पलटली नाही. कागदावर सगळं चोख होतं: मुद्रांक, साक्षीदार, नोंदणी. एकही नियम मोडलेला दिसत नव्हता. मामाची बाजू मात्र निव्वळ तोंडी.

तेव्हा कामाला आला तो हाच शब्द. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम म्हणतो की सावकारीच्या व्यवहारात अशी जमीन गेली असेल तर शेतकरी जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करू शकतो; चौकशीत तो व्यवहार खरोखर सावकारीचाच निघाला तर उपनिबंधक तो रद्द ठरवून जमीन परत द्यायचा आदेश काढू शकतात. मामाचे वाशिमला तीन वर्षं खेटे झाले. शेवटी आदेश आला. दोन एकर परत आली. मामा लिहिता-वाचता जेमतेम, पण त्या दिवसापासून एक वाक्य त्याला तोंडपाठ आहे: सदर व्यवहार अवैध सावकारीचा असल्याचे निष्पन्न होत आहे. हे तो चहाच्या टपरीवर अभंग म्हणावा तसं म्हणतो. ज्या शब्दानं बाबांची मान खाली गेली, त्याच शब्दानं मामाची वर झाली.

फरक कशात होता? याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं: परीक्षेच्या व्याकरणात. मराठीत विशेषण कुठं बसतं त्यावरून त्याचे दोन प्रकार सांगतात. नामाच्या आधी बसलं तर अधिविशेषण, नामानंतर बसलं तर विधिविशेषण. एका गुणासाठी आम्ही हे पाठ करतो आणि विसरतो. 'अवैध वाहतूक' यात अवैध हे अधिविशेषण. 'ही वाहतूक अवैध आहे' यात तेच विधिविशेषण. शब्द तोच, पण दुसरं वाक्य एक विधान आहे. त्याला विचारता येतं: कशावरून? कोणत्या कलमानं? कोणी ठरवलं? पहिल्यात विचारायला जागाच नाही. नाम यायच्या आधी निकाल लागलेला असतो.

बाबांच्या वाट्याला पहिला प्रकार आला. मामाच्या वाट्याला दुसरा: तक्रार, चौकशी, साक्षी, मग 'निष्पन्न होत आहे'. तीन वर्षं तो शब्द नामामागे चालत आला आणि शेवटी जाऊन बसला. बातमीला घाई असते, मथळ्यात जागा कमी असते, हे मला कळतं. पण विशेषण आधी लावायची सवय एकदा जिभेला लागली की ती वस्तूंवर थांबत नाही. अवैध वाहतूक, मग अवैध वाहतूकवाले, मग 'तो अवैधवाला'. रेतीवरून माणसावर यायला शब्दाला फार वेळ लागत नाही.

याचं सर्वांत क्रूर उदाहरण आमच्याच भागात राहतं. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं 'गुन्हेगार जमाती' हा वर्ग निर्माण केला. नामाआधी विशेषण, मूल जन्मायच्या आधी निकाल. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना नवं विशेषण मिळालं: विमुक्त. चांगला शब्द आहे. पण आमच्या भागातल्या पारध्यांच्या बेड्यावर चोरीच्या तपासाची गाडी आजही आधी जाते. तिथं जुनंच विशेषण चालतं. सोबत 'सराईत' हे आणखी एक. मूळचा किती सुंदर शब्द. सरावानं हात बसलेला माणूस. माझी आई सराईतपणे भाकरी थापते. बातमीत मात्र सराईत फक्त गुन्हेगारच असतो.

आणि उलटं उदाहरणही फार लांब नाही. १० जुलै १९३० ला आमच्या शेजारच्या पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. परवान्याशिवाय गवत कापणं हा सरळ गुन्हा होता आणि त्यांना शिक्षाही झाली. पण ते कृत्य कोणत्या विशेषणानं ओळखलं जाणार हे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारवर सोडलं नाही. 'सविनय' हा शब्द त्यांनी आधीच लावून ठेवला होता. सविनय कायदेभंग. कायदा मोडला हे नाकारायचं नाही, लपवायचं नाही, आणि विशेषण मात्र आपलं.

ती सोय सगळ्यांना नसते. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं जाहीरपणे पेरलं आणि त्याला सत्याग्रह म्हटलं. त्याच बियाण्याला विदर्भात बोलीभाषेत म्हणतात चोरबीटी. उघड पेरलं तर सत्याग्रह, गुपचूप पेरलं तर चोर. ते बियाणं चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे. पण नियम मोडणाऱ्याजवळ मंच, माणसं आणि कॅमेरा असेल तर विशेषण त्याला निवडता येतं. फाट्यावर ब्रेक दाबणाऱ्याला ते आयतं मिळतं.

काळी-पिवळी पुढे बंद झाली, पण कारवाईनं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. मंदिराचं कुलूप निघालं त्याच महिन्यात. यात्रेकरू वाढतील म्हणून बाबा खूश होते, पण जीपमधल्या बाया आठवड्याभरात लाल गाडीकडे वळल्या. बाबांना त्यांचा राग आला नाही. आईसुद्धा माहेरी एसटीनंच जायला लागली. वीस वर्षांच्या दंडानं जे झालं नाही ते अर्ध्या तिकिटानं झालं: लोकांना चांगली सोय मिळाली आणि नियम आपोआप पाळला गेला. वर्षभरानं बाबांनी ट्रॅक्स विकली. आता ते एका शाळेची बस चालवतात. गणवेशाचा खाकी शर्ट, ठरलेले थांबे, ठरलेली मुलं.

मागच्या महिन्यात एका भरतीचा ऑनलाइन अर्ज भरत होते. वडिलांचा व्यवसाय, असा रकाना होता. मी 'वाहनचालक' लिहिलं. शेजारी बसलेले बाबा मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, "शाळेचा लिही ना, शाळेच्या बसचा." मी म्हटलं, रकान्यात एवढंच मावतं. खरं तर मावत होतं, चाळीस अक्षरांची जागा होती. पण वाहनचालक तर ते वीस वर्षं होतेच, आणि त्या शब्दाला पुढे-मागे काही जोडावं असं मला वाटलं नाही. बाबांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "बरं. खाली जातीचा दाखला जोड, ते इसरशील."